उजव्याचा डावा

बसने ब्रेक मारला आणि माझं तोंड पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं. तसं फार काही झालं नाही. रक्त नाही, आरडाओरडा नाही. शेजारच्या बाई नुसत्या "अगंबाई" म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःची पिशवी सावरली. ड्रायव्हरने खिडकीबाहेर मान काढून कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बस पुढे निघाली. मी जिभेने चाचपून पाहिलं. वरचा पुढचा दात जागेवर होता, तुटला नव्हता, पण हलत होता. जिभेने ढकलला की किंचित आत जायचा, जीभ काढली की परत यायचा, आणि जाता-येता वर मुळाशी, नाकाच्या खाली कुठेतरी, एक ओलसर, बोथट कळ उठायची. मी पुन्हा ढकलला. पुन्हा कळ. माणसाला खोडच असते ही, दुखऱ्या जागी बोट घालून बघायची. तिसऱ्यांदा ढकलताना मला खारू आठवली. कारण खारू हेच म्हणाली होती, अगदी हेच. "मामा, दात असा आत जातो आणि परत येतो, आणि वर नाकापाशी कसंतरीच होतं." रविवारी माझ्या स्वयंपाकघरात सफरचंद कापता कापता म्हणाली होती. आणि मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हटलं होतं, "तारा लावल्यावर दात हलणारच की. नाहीतर सरकणार कसे? रिक्षा करून जाणार का?" ती हसली. मग तिने सफरचंदाच्या काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या फोडी केल्या आणि एकेक फोड उजव्या बाजूला, पार मागच्या दाढांखाली सरकवून खाल्ली. ते मी पाहिलं होतं. पाहिलं आणि पान उलटलं.

माझं पोट दातांवर चालतं, पण मी दातांचा डॉक्टर नाही. हे लोकांना सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्यात. कुणाकडे जेवायला गेलो की यजमान आधी आ वासून दाखवतात आणि मग वाढतात. अरे बाबांनो, मी जन्मात कुणाच्या तोंडात बोट घातलेलं नाही. मी तिसऱ्या मजल्यावर एसीच्या झोतात गळ्याला मफलर गुंडाळून बसतो आणि कॉम्प्युटरवर दात बांधतो. कुणाच्या तरी जबड्याचा स्कॅन येतो, म्हणजे काकडीच्या चकत्या कराव्यात तसे एकावर एक करडे फोटो. त्यातून दात वेगळा, हाड वेगळं सोडवायचं. त्यांचे लाखो चिमुकले तुकडे पाडून जाळी विणायची. मग त्या जाळीतल्या दाताला तार ओढते तसं ओढायचं आणि कुठे किती ताण येतो ते बघायचं. मशीन उत्तर रंगात देतं. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे सांभाळा. लोकांना वाटतं दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो. तसं नसतं. दात आणि हाड यांच्यामध्ये एक अस्तर असतं, दोन कागद एकावर एक ठेवावेत एवढं पातळ, आणि दात त्या अस्तराला लोंबकळत असतो. तार ओढली की अस्तर एका बाजूला दबतं, दुसऱ्या बाजूला ताणतं. दबलं तिथलं हाड विरघळतं, ताणलं तिथे नवं भरतं, आणि दात हळूहळू जागा बदलतो. सगळी गंमत त्या हळूहळूमध्ये आहे. जोर जास्त झाला की अस्तरातलं रक्त थांबतं, आणि शरीर मग गोंधळून हाडाऐवजी दाताचं मूळच कुरतडायला लागतं. मूळ एकदा गेलं की परत येत नाही. हे मी इतक्या वेळा पडद्यावर दाखवलंय, इतक्या लोकांना काठीने लाल ठिपके दाखवून समजावलंय, की झोपेत उठवलं तरी सांगेन. फक्त त्या अस्तराला कळ येते हे मला आज, या वयात, बसच्या दांड्याने शिकवलं. मॉडेलमध्ये मी त्याला एक आकडा देतो, त्याच्या मऊपणाचा. कळेला रकानाच नाही.

खारू माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. खारू हे काही तिचं नाव नव्हे. ते मी ठेवलं. सात-आठ वर्षांची असेल, दुधाचे दात पडून नवे आले होते, समोरचे चार अंमळ जास्तच उत्साहाने पुढे आले होते. बिस्कीट दोन्ही हातांत धरून कुरतडत बसली होती आणि मी म्हणालो, "ही बघा आमची खारूताई!" सगळे हसले. ती सगळ्यांत जास्त हसली, सगळी बत्तिशी दाखवून. झालं, खारू नाव पडलं. शेजारपाजारी तेच, शाळेतही कुणाच्या तरी तोंडून तेच गेलं. पुढे केव्हातरी माझ्या लक्षात आलं की फोटोत ही पोरगी ओठ मिटून उभी असते. हसू आलं की हात तोंडावर जातो. त्याचं मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण नाव काही तोंडातून जाईना. बहिणीने एक दिवस, पोस्टातून दमून आली होती, काउंटरवर दिवसभर बसून तिची पाठ मोडते, चहाचा कप खाली ठेवून सरळ म्हटलं, "दादा, नाव तू ठेवलंस, आता दात पण तूच सरळ कर." चेष्टेत म्हणाली. आमच्यात गंभीर गोष्टी चेष्टेतच बोलतात. मी खारूला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आमच्या म्हणजे आमची संस्था ज्यांच्याबरोबर काम करते त्या, दात सरळ करण्यात नाव असलेल्या. बाईंनी पोरीचं तोंड पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपलं मॉडेल हिच्यावरच करून बघू या का? घरचीच आहे." मी छाती फुगवून हो म्हटलं. मामाने भाचीसाठी काय करावं, तर तिचं आख्खं तोंड कॉम्प्युटरवर बांधावं! बहिणीला किती कौतुक. ऑफिसात म्हणे सांगत सुटली होती.

आता इथे मला थांबावंसं वाटतं. बसमध्येही थांबावंसं वाटत होतं, मन दुसरीकडे न्यावं, समोरच्या माणसाच्या टकलाकडे बघावं. पण जीभ दात ढकलत होती आणि दर ढकलण्याला एकेक गोष्ट वर येत होती. डावीकडचा दात. मधल्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा, डाव्या अंगाचा, छोटा. खारूने रविवारी बोट लावून दाखवला तो तोच. आणि माझ्या मॉडेलमध्ये त्या जागी जो दात आहे तो तिचा नाहीच. म्हणजे तिचाच, पण उजवीकडचा. स्कॅनमध्ये डाव्या दाताचं मुळाचं टोक नीट दिसत नव्हतं. पुसट, बारीक, एका बाजूला कललेलं, शिसपेन्सिल नको तिथे ओरखडावी तसं. मी पहिल्यांदा ते तसंच घेतलं होतं. जाळी विणली, जोर लावला, आणि टोकाशी भडक लाल ठिपका उमटला. मला हसूच आलं. आमच्या धंद्यात असे ठिपके रोजचे. जाळीत कुठे तीक्ष्ण कोपरा राहिला की मशीन तिथे उगाच बोंब मारतं, खोटा ताण दाखवतं. नवशिक्यांना आम्ही पहिलं हेच शिकवतो, कोपऱ्यातल्या लालला घाबरायचं नाही. मी मनात म्हटलं, पोरगी हलली असणार. खारू आणि स्थिर बसेल? जेवायला बसली तर चार वेळा उठते. तिच्या आईने तिला लहानपणी फोटोसाठी खुर्चीला बांधायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. हलली, म्हणून टोक पुसट आलं. मग मी तिचा उजवा दात उचलला, छान, गुळगुळीत, निमुळता, आरशात दिसतो तसा उलटा केला आणि डावीकडे बसवला. निसर्ग दोन्ही बाजू सारख्याच करतो, साधारण. पुन्हा चालवलं. सगळं निळं. इतकं सुरेख निळं की मी शेजारच्याला बोलावून दाखवलं.

परक्याचं डोकं असतं तर मी स्कॅन पुन्हा मागितला असता. हे मला ऑफिसच्या जिन्यात कळलं, दुसऱ्या मजल्यावर, जिथे भिंतीचा पोपडा गेलाय तिथे. एखादा अनोळखी रुग्ण, नुसता नंबर, तर मी पत्र धाडलं असतं की चित्र अस्पष्ट आहे, कृपया पुन्हा पाठवा. तेवढी शिस्त माझ्यात आहे. पण ही तर आपली खारू. तिला काय बघायचं, ती आपल्याला पाठ आहे.

मफलर न बांधताच मी फाइल उघडली. आधी माझं मॉडेल नाही, मूळ स्कॅन. किती दिवसांनी उघडत होतो कुणास ठाऊक, गरजच पडली नव्हती. चकत्या एकेक करून वर सरकवत नेल्या. डाव्या दाताचं मूळ बारीक होत गेलं, आणखी बारीक, आणि मग टोकाशी एका बाजूला वळलं, पोपटाच्या चोचीसारखं. पुसट होतं ते खरं, कारण तिथे मुळातच काही फारसं नव्हतं. आणि मग मी डोळे उजवीकडे नेले. त्याच चकतीत. उजव्या दाताची कड अशी स्वच्छ, अशी ठाशीव, की वाटलं कुणी टाकाने काढलीय. मी त्या कडेकडे बघत राहिलो. डोकं हललं तर सगळं हलेल. अर्धंच डोकं कसं हलेल? हे शाळेतलं पोरही सांगेल. हे मला तेव्हाही दिसत होतं. दोन्ही दात एकाच चित्रात, बोटभर अंतरावर. मी बघत होतो आणि मला फक्त खारू दिसत होती, जेवता जेवता चार वेळा उठणारी.

शेजारी खुबेवाला बसतो. त्याचं काम खुब्याच्या हाडांचं, म्हणून तो खुबेवाला आणि मी बत्तिशी. मी त्याला म्हटलं, उगाच, खुर्ची जरा फिरवून, "काय रे, एखाद्याने एका बाजूचा दात उचलून दुसऱ्या बाजूला लावला तर?"

"सगळेच लावतात," तो पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला. "मी पण लावतो खुबे. फक्त सांगायचं असतं की लावलाय म्हणून." मग त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या ओठाला काय झालं?"

"बस."

"बर्फ लाव," तो म्हणाला आणि पुन्हा खुब्यात शिरला.

सांगायचं असतं. मी सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं याला कारण असं नाहीच, हेच तर वाईट आहे. लपवायचं म्हणून लपवलं असतं तर निदान चोर तरी झालो असतो. चित्र देखणं आलं होतं, बाई घाईत होत्या, मी पाठवून दिलं. त्यांनी विचारलं होतं, "जोर थोडा वाढवला तर चालेल? पोरीला शाळा संपल्यावर कॉलेजात तारा घेऊन जायचं नाहीये." वाढवलेला जोर घालून मी पुन्हा चालवलं आणि लिहिलं, चालेल. निळं आहे. आणि त्या निळ्याच्या भरवशावर ती तार गेले कित्येक महिने तो डावा दात, तो चोचीसारख्या मुळाचा खरा दात, वर आणि मागे रेटत होती. अहोरात्र. खारू शाळेत असताना, झोपलेली असताना, माझ्या स्वयंपाकघरात हसत असताना.

मी जुनी जाळी शोधून काढली, पहिली, लाल ठिपक्याची. वाढवलेला जोर लावला आणि चालवायला टाकली. मशीन घुमायला लागलं. अशा वेळी मी एरवी चहा घेतो. आज बसून राहिलो. सरकणाऱ्या पट्टीकडे बघत मी देवाकडे, ज्याच्याकडे मी कधी जात नाही, एक बावळट मागणं मागत होतो की हा खोटाच ताण निघू दे, कोपऱ्याचाच निघू दे. ठिपका आला. मी तिथली जाळी बारीक केली, कोपरे हलक्या हाताने गोल केले, जे तेव्हा करायला हवं होतं ते सगळं केलं. खोटा ताण असा विरून जातो. हा विरला नाही. पसरला आणि मुळाच्या टोकावर टोपीसारखा बसला. त्याच वेळी फोन वाजला. बहीण.

"दादा, आज पाच वाजता खारूला डॉक्टरकडे न्यायचंय, आहे ना लक्षात? मला नाही निघता येणार, इथे मुंगी शिरायला जागा नाही. आज ती जाडी तार घालणारेत म्हणे. शेवटची. मग सुटली बिचारी."

"नेतो," मी म्हटलं.

"आवाज का असा येतोय तुझा?"

"ओठ सुजलाय. बसमध्ये आपटलो."

"जपून रे बाबा. तुमच्या दोघांच्या तोंडांना काय शनी लागलाय का?" ती हसली. मागे कुणीतरी शिक्के मारत होतं, धप धप. "बरं ऐक, ती परवा म्हणत होती दुखतंय म्हणून. मी म्हटलं मामाने सगळं तपासलंय, उगाच लाड नकोत. बरोबर ना?"

आत्ता सांगायचं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. माझी दातखीळ बसली. "बघतो," मी म्हणालो आणि तिने ठेवून दिला. मला माहीत होतं, सांगितलं असतं तर ती चिडली नसती. म्हणाली असती, जाऊ दे दादा, आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला बोल लावायचा. तेच मला नको होतं. त्यापेक्षा तिने फोनमधून हात घालून दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मला दुसरंही सुचत होतं. बाईंना नुसतं सांगायचं, पोरीला दुखतंय, तार जरा सैल करा, एक एक्स-रे फोटो काढा. त्यांना मूळ झिजलेलं दिसेल. त्या म्हणतील, होतं कधीकधी, शंभरात काही जणांना होतंच, कुणाचा दोष नाही. उजव्याचा डावा कुणी केला हे मशीनच्या पोटात राहील. पोरीचा दात तेवढाच वाचेल, आणि मी मामाचा मामा राहीन. हा विचार मी चांगला घोळवून घोळवून केला. खोटं का बोलू, चव घेत केला.

दवाखान्यात पोचलो तर खारू शाळेतून परस्पर आधीच आली होती, दप्तर मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. तिच्या डोक्यामागे भिंतीवर माझं चित्र. बाईंनी ते मोठं करून फ्रेममध्ये लावलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. तिचे चार दात, पारदर्शक हाडात, निळे निळे. मी महिनोन् महिने त्याखाली बसून मासिकं चाळली होती.

"तुझा ओठ!" ती म्हणाली.

"बस. तुझा दात कसा आहे?"

"आहे." तिने खांदे उडवले. "मामा, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"नाही."

"चित्रात सगळं निळं आहे ना. मग मला दुखतं ते कुठे दुखतं? म्हणजे..." ती हाताच्या बोटाचं नख कुरतडायला गेली आणि थांबली, पुढच्या दातांनी आता तिला नखही तोडता येत नव्हतं. "म्हणजे मला वाटतं मीच उगाच करते. आई पण म्हणते. रात्री दुखलं की मी हे चित्र आठवते. निळंय, निळंय, असं म्हणत झोपते."

तेवढ्यात आतून तिला हाक आली. ती दप्तर माझ्याकडे देऊन आत गेली. दप्तर जड होतं. मी ते पोटाशी धरून उभा राहिलो आणि मघाचा चव घेतलेला विचार घशाशी येऊन आंबट लागायला लागला. मी दार ढकलून आत गेलो.

ती खुर्चीत आडवी झाली होती. गाल आणि ओठ बाजूला ओढून धरणारं ते प्लॅस्टिकचं कडं तिच्या तोंडात बसवून झालं होतं. सगळे दात, हिरड्या, तारा उघड्या, दिव्याखाली. डोळे छताकडे. बाईंनी जाडी तार चिमट्यात धरली होती.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणालो. "तार घालू नका."

"का हो? काय झालं?"

"तो डावीकडचा दात मॉडेलमध्ये तिचा नाहीये. मी उजवा उलटा करून लावला होता. डाव्याचं मूळ स्कॅनमध्ये वाकडं आणि बारीक दिसत होतं. मी पहिल्यांदा ते घेतलं तेव्हा टोकाशी लाल आलं होतं. मला वाटलं चुकीचं आहे. मला वाटलं..." आणि इथे मी तिच्याकडे पाहिलं. पाहायला नको होतं. तिचे डोळे छतावरून खाली आले होते आणि माझ्यावर होते. "मला वाटलं, स्कॅनच्या वेळी ही हलली."

बाईंनी तार ट्रेमध्ये ठेवली. फार हळू ठेवली. "तुम्हाला लाल दिसलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी जोर वाढवू का विचारलं तेव्हा?"

"निळ्यावरून सांगितलं."

त्यांनी मास्क खाली ओढला. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार, आणि मी त्याची वाट बघत होतो, खरंच. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मूळ स्कॅन माझ्याकडेही होता हो. मी तुमचं चित्र बघून तो पुन्हा उघडलाच नाही." आणि मदतनीस बाईला फोटोची तयारी करायला सांगितलं. खारूचं तोंड या सगळ्या वेळात ताणून उघडं होतं. तिला गिळताही येत नव्हतं, लाळेची नळी कोपऱ्यात गुरगुरत होती. तिच्यापुढे, तिच्या उघड्या तोंडापुढे उभे राहून आम्ही दोन शहाणी माणसं तिच्या दाताबद्दल बोलत होतो, आणि तिला एक अक्षर उच्चारता येत नव्हतं. मी चूक कबूल करायलाही हीच जागा निवडली. बाहेर बाकावर, ती विचारत होती तेव्हा, तिला सांगता आलं असतं.

फोटोत दिसलं. मूळ जवळपास एक तृतीयांश कमी झालं होतं, टोक उंदराने खाल्ल्यासारखं. बाईंनी तारा सोडवल्या, दाताला शेजारच्यांचा आधार देऊन नुसतं धरून ठेवणारी एक पातळ तार लावली आणि तिला, मला नव्हे, तिला समजावून सांगितलं. जोर थांबला की झीज साधारण थांबते. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते टिकवायचं, पुढचे काही महिने काहीच करायचं नाही, कडक काही त्या दाताने तोडायचं नाही, कदाचित कधीच नाही. दात टिकेल, पण किती वर्षं ते आज सांगता येणार नाही. उरलेले दात जिथवर आलेत तिथवरच, नंतर बघू. खारूने मान हलवली. कडं काढल्यावर तिने चूळ भरली, ओठांचे कोपरे चोळले, आणि "थँक्यू" म्हणाली. रडली नाही. माझ्याकडून दप्तर घेतलं. बाहेर पडताना मी चित्राकडे पाहिलं, तिने नाही पाहिलं.

बसस्टॉपवर आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. समोर एक माणूस दुकानाची काच पुसत होता, पुसून मागे जात होता, पुन्हा पुढे येऊन तीच जागा पुसत होता. मी म्हणालो, "माझं चुकलं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. आईला मी सांगतो, आजच, सगळं." ती "हं" म्हणाली. मला वाटलं होतं कबूल केल्यावर छातीवरचा दगड हलेल. कसला हलतोय. उलट आता तो दोघांत मिळून उचलायचा झाला होता, आणि तिची काही चूक नव्हती. तिचा वरचा ओठ आतून हलताना दिसला.

"जिभेने ढकलू नकोस त्याला," मी म्हणालो. "दुखेल."

"तू पण ढकलतोयस," ती म्हणाली. "मगापासून."

मी जीभ आवरली. बस आली. गर्दी नव्हती, आम्हाला पुढची जागा मिळाली, समोर लोखंडी दांडा. मी तिला खिडकीपाशी बसवलं. चौकात कुणीतरी आडवं आलं आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, आणि माझा हात आपोआप तिच्यासमोर आडवा गेला, ती लहान असताना जायचा तसा. ती माझ्या हातावर आदळली आणि मागे झाली. मी हात काढला नाही. मला तिला नावाने हाक मारायची होती, खरं नाव, जे तिच्या आईने ठेवलंय. सवय नसल्यामुळे ते तोंडात वेडंवाकडं झालं. ती पटकन वळली नाही, कुणाला म्हणतोय असं तिला वाटलं असावं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"मी हलले नव्हते, मामा," ती म्हणाली. "त्या स्कॅनवाल्या बाई म्हणाल्या होत्या, अजिबात हलायचं नाही, नाहीतर चित्र बिघडतं. तुझं चित्र होतं ना ते. मी श्वास पण घेतला नव्हता."

"माहितीये," मी म्हटलं.

"आता माहितीये," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.